लोलाच्या हातची चव घरी आणताना या चुका टाळा

माझी बायको फिलिपिन्सच्या बिकोल भागातली, म्हणजे नारळ आणि मिरचीच्या मुलखातली. नोकरीसाठी दुबईत आली तेव्हा तिला भात आणि अंडं एवढंच जमायचं. मुलगी झाली आणि बायकोला तिच्या लोलाच्या, म्हणजे आजीच्या, हातचं आठवायला लागलं. तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे प्रयोग चालतात. कांदे मी चिरतो, चुका दोघांच्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोलाला प्रमाण विचारणं. उत्तर ठरलेलं: "तान्त्या-तान्त्या लांग." अंदाजानंच गं! (मला आधी वाटलं, कुणी तात्या आहेत.) चमचे विचारू नका, व्हिडिओ कॉल लावून पातेलं दाखवा. व्हिनेगर कुठलं, हे मात्र विचाराच. फिलिपिन्सच्या इलोकोस भागात उसाचं, बुलाकान प्रांतातल्या पाओम्बोंगमध्ये निपा ताडाच्या रसाचं, नारळाच्या पट्ट्यात माडीचं. साधं पांढरं व्हिनेगर घातलं तर आदोबो, म्हणजे व्हिनेगरात शिजवलेलं मांस, नुसता घशाला लागतो. आमचं काम गोव्याहून आलेल्या माडाच्या व्हिनेगरनं भागवलं.

आदोबोत व्हिनेगर ओतलं की लगेच डाव घालू नका. झाकण न ठेवता आधी उकळी येऊ द्या, नाहीतर कच्चा आंबटपणा राहतो, असं तिकडच्या बायका बजावतात. सोया सॉस संपला असेल तरी अडत नाही. तो चिनी व्यापारामुळे आला; व्हिनेगरात मांस शिजवायची रीत त्याआधीची. १६१३ सालच्या एका स्पॅनिश पाद्र्याच्या तागालोग कोशात 'इथल्या लोकांचा आदोबो' अशी नोंद आहे. म्हणजे नाव स्पॅनिश, पदार्थ तिथलाच. बिनसोयाचा पांढरा आदोबो आजही होतो.

सिनिगांग, म्हणजे तिथला आंबट रस्सा. त्यात मी आपली काळी चिंच कोळून घातली होती. सार झालं, सिनिगांग नाही. तिथे कोवळी हिरवी चिंच उकडून, कुस्करून, गाळून घेतात. पाणी तांदळाच्या दुसऱ्या धुण्याचं घेतलं तर रस्सा थोडा मिळून येतो. मीठ बेतानं, कारण पातिस, म्हणजे माशांचा खारट रस, नंतर पडतोच.

लाईंगला, म्हणजे नारळाच्या रसातल्या अळूच्या भाजीला, मात्र मी कोकणातला म्हणून फुशारकीनं पुढे झालो. अळूच ते! ताजी पानं चिरली, भराभर ढवळली आणि सगळ्यांचे घसे खाजले. आपण अळवाला चिंच लावतो, इथे सहसा आंबट नसतंच. म्हणून पानं आधी वाळवायची, मग आलं, लसूण, मिरची, सुकी मासळी आणि नारळाच्या पातळ रसात मंद आचेवर ठेवायची. पूर्ण मऊ होईपर्यंत हात आवरा. जाड रस शेवटी.

दुसऱ्या खेपेला कडेनं तेल सुटायला लागलं, तसा मी रस फुटला म्हणून घाईघाईनं गॅस बंद केला. लोला फोनवरून ओरडली. बायकोनं हसत पुन्हा गॅस पेटवला: "तेल आत्ता कुठे दिसायला लागलंय, अजून वीस मिनिटं."