टर्बो इंजिनात पाणी-मिथेनॉलची फवारणी बसवताना

नवतप्यात भर दुपारी दर्यापूर-अकोला रस्त्यावर टर्बो पेट्रोल गाडी दामटली, की तिचा दम कमी पडल्याचे लगेच जाणवते. बाहेरची हवा 45 अंशांची असते, टर्बोने (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याने) दाबल्यावर ती आणखी तापते, आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) तिला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. अशा हवेत सिलिंडरमधले उरलेले मिश्रण आपोआप पेटून नॉकिंग (इंजिनाला घातक अशी खटखट) सुरू होते व ते टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो. इंजिनात जाणाऱ्या हवेत केलेली पाण्याची फवारणी इथे उपयोगी पडते, कारण 1 किलो पाणी वाफ होताना सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता शोषते. मिथेनॉल त्याच्या निम्म्याच्या आसपास शोषते. घरच्या कूलरच्या ताट्याही याच तत्त्वावर चालतात. मात्र कूलर पावसाळ्यात निकामी होतो, तसे इथे होत नाही, कारण दाबलेली हवा मुळातच तापलेली असते आणि बरेचसे पाणी सिलिंडरात गेल्यावरच वाफ होते.

मिथेनॉल स्वतः इंधन आहे, नॉकिंगला चांगले रोखते आणि पाणी गोठू देत नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांचे एमडब्ल्यू-50 हे मिश्रण निम्मे-निम्मेच होते. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही, म्हणून माझ्या मते सुरुवात नुसत्या पाण्यानेच करावी. मिथेनॉल विषारी आहे, ते पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, त्वचेतूनही ते शरीरात शिरते आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. तरीही ते घ्यायचेच असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे, प्रमाण निम्म्यापेक्षा वाढवू नये, हातमोजे घालून मोकळ्या हवेत मिसळावे, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये.

पाणी कोणते, यावर मात्र तडजोड नको. आमचे गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या पट्ट्यात, आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी आळसाने बोअरचे पाणी भरले आणि तिसऱ्या आठवड्यात नोझल काढून पाहिले, तर त्याच्या छिद्राभोवती चहाच्या भांड्यात बसतो तसा पांढरा थर होता व फवाऱ्याऐवजी एका बाजूने धार पडत होती. तेव्हापासून मी बॅटरीत घालतात ते खनिजरहित पाणीच वापरतो आणि नोझलच्या आधी बारीक जाळीची गाळणी ठेवतो.

नोझल इंटरकूलरनंतर, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) आधी 10 ते 15 सेंटिमीटरवर बसवावे. शेतातल्या फवारणी पंपावर काम भागवण्याचा मोह होतो, पण त्याचा दाब अपुरा पडतो, कारण नोझलला बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या) विरुद्ध फवारायचे असते आणि थेंब धुक्यासारखे बारीक हवे असतात. त्यासाठी 7 ते 14 बार दाब देणारा, मिथेनॉल सोसणारा पंपच लागतो. नळीत सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) हवाच, नाही तर पंप बंद असतानाही टाकीतले पाणी इंजिनात झिरपत राहू शकते. फवारणी बूस्ट आल्यावरच सुरू व्हावी, सुमारे 0.4 बारवर स्विच लावून पुढे बदल करता येतो.

प्रमाण इंधनाच्या 10 ते 15 टक्के ठेवावे. 120 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला साधारण 700 मिलिलिटर पेट्रोल पिते, म्हणजे 70 ते 100 मिलिलिटरचे नोझल पुरते. बसवण्यापूर्वी पंप मिनिटभर मापाच्या बाटलीत चालवून हा आकडा स्वतः मोजावा. पाणी जास्त झाले, तर इंजिन अडखळते.

फवारणीच्या भरवशावर बूस्ट किंवा ठिणगीचे टायमिंग वाढवण्याआधी टाकी रिकामी झाल्यावर काय होईल, याची सोय करावी. 1962 च्या ओल्ड्समोबील जेटफायर या अशीच फवारणी असलेल्या अमेरिकी टर्बो गाडीत टाकी संपली, की बूस्ट आपोआप मर्यादित होत असे. आपल्या गाडीत पातळीचा स्विच बसवून तो ईसीयूच्या सुरक्षित मॅपला (कमी बूस्ट-टायमिंगच्या आकड्यांच्या तक्त्याला) किंवा बूस्ट नियंत्रकाला जोडावा. असा बदल केल्यास वॉरंटी जाऊ शकते, आणि वाहनातील फेरफारांवर मोटार वाहन कायद्याची बंधने आहेत, म्हणून आधी आरटीओत विचारून घ्यावे. सारे जोडून झाल्यावर टाकी मुद्दाम रिकामी करून, मोकळ्या जागी हलक्या बूस्टवर गाडी चालवावी आणि बूस्ट खरोखरच खाली येतो का, ते गेजवर पाहावे.