बर्फ, खडू, पेन्सिल : लोह कमी असताना या चुका टाळा

खडू खावासा वाटतो म्हणजे कॅल्शियम कमी झालंय, ही समजूत कुठून आली देव जाणे. सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की याच हिशोबाने कॅल्शियमच्या गोळ्या मागणारं कुणी ना कुणी येतंच. खडू, पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ, बर्फ यांची सतत ओढ लागते, तिला डॉक्टर पायका म्हणतात. अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो लोहाचा. गरोदर बाईच्या बाबतीत तर ‘डोहाळे असतात हो’ म्हणून सगळं घरच हसण्यावारी नेतं. वर जेवणासोबत कॅल्शियमची गोळी घेतली, की जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही.

बर्फ तर कुणी लक्षणात धरतच नाही. एमपीएससीचा अभ्यास करणारी एक मुलगी आमच्याकडून कधी ॲसिडिटीची गोळी, कधी ‘ताकदीचं टॉनिक’ न्यायची. अभ्यासिकेचा जिना चढताना धाप, कंगव्यात केसांचे पुंजके, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा. प्रत्येक तक्रारीला तिच्याकडे वेगळं कारण तयार : जागरण, बोअरचं पाणी, मेसचं तिखट. एकदा भर पावसाळ्यात तिची मैत्रीण हसत म्हणाली, “काकू, हिला सांगा काहीतरी. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे ही एकटी संपवते.” मी टॉनिकची बाटली परत कपाटात ठेवली आणि पाळीचं विचारलं. “आठ दिवस जाते, आमच्यात सगळ्यांचीच तशी,” हे तिने आडनाव सांगावं तितक्या सहज सांगितलं. डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन 7.4, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 4.

महिनाभर लोहाच्या गोळ्या घेऊन पुन्हा तपासलं, तर हिमोग्लोबिन 7.6. मुलगी रडकुंडीला आलेली, म्हणे इंजेक्शनच देऊन टाकायला सांगा. आजकाल सगळ्यांना शिरेतूनच हवं असतं. गोळी कशी घेतेस विचारलं, तर सकाळी क्लासला जाताना अमृततुल्यच्या चहाबरोबर! चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात, ते शरीराला मिळूच देत नाहीत. त्यात दुधाचं कॅल्शियम. गोळी तीच ठेवली, चहा दोन तास लांब ढकलला आणि सोबत लिंबूपाणी घ्यायला लावलं. पुढच्या तपासणीत आकडा 9 च्या वर गेला. बर्फ मात्र त्याच्या कितीतरी आधी सुटला होता. ही ओढ बहुतेक वेळा आकडा सुधारायच्या आधीच जाते. डॉक्टरांनी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवलं, कारण रक्त जातंय ते थांबलं नाही तर गोळ्या किती दिवस पुरणार?

मी सगळ्यांना एकच सांगते : रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपायच्या आधी गोळी घ्या. त्या वेळी चहा कुणी पीत नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती दुपारी. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, तरीही त्रास झाला तर एक दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा. परस्पर बंद करू नका. शौचाला काळं होतं ते लोहामुळेच. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर मात्र लगेच दाखवा.

दुसरा माझा राग ‘बरं वाटलं, सोडल्या’ म्हणणाऱ्यांवर. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या वर आलं म्हणजे काम झालं, असं नाही. रिकामा झालेला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या लागतात. सहा महिन्यांनी हीच मंडळी पुन्हा धापा टाकत काउंटरवर.

याच्या उलट, हिमोग्लोबिन 12.2 बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणत रिपोर्ट घडी घालून ठेवू नका. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. रात्री पाय वळवळतात, नखं चमच्यासारखी खोलगट झालीत, जीभ गुळगुळीत होऊन झोंबते, तर फेरिटिनही करून घ्या. मोठ्या माणसात ते 15 च्या खाली असेल तर साठा संपलाय. ताप असताना करू नका, फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं.

बीट लाल असतं म्हणून त्याचं रक्त होत नाही. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमभरही लोह नसतं. अळिवाचे लाडू, बाजरी, पालेभाजीवर लिंबू हे सगळं जरूर खा, पण औषधाच्या जोडीला.

पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 च्या खाली गेलं किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोह कमी निघालं, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसू नका. पोटात-आतड्यात अल्सर असू शकतो, कॅन्सरही. तपासणी टाळून आमच्याकडून गोळ्या नेणाऱ्यांना मी हल्ली सरळ परत पाठवते.

गोळ्या नीट घेऊनही रिपोर्टमधलं एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, खालीच राहिलं, तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांकडे येणारा रक्तातला दोष, आहे का ते बघायला सांगा. त्यात लोहाची कमतरता नसेल तर गोळ्यांचा उपयोग नसतो. लग्नाआधी तर हे कळायलाच हवं.

आणि गोळ्यांची पाकिटं फ्रीजवर उघडी टाकू नका. लहान मूल लाल गोळ्या चॉकलेट समजून खातं आणि जास्त लोह त्याच्या जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर घरी मीठपाणी पाजत बसू नका. पाकीट सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.