हीट ट्रीटमेंटचं युनिट वाढवताय? निदान या चुका टाळा

भोसरीत स्टील तापवून कडक करायची भट्टी लावून मला सव्वीस वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तरुण येतो, चहा होतो आणि मोबाईलवर नव्या हार्डनिंग फर्नेसचं कोटेशन पुढे करतो. "काका, आता कपॅसिटी डबल!" मी विचारतो, टेम्परिंगच्या भट्ट्या किती आहेत? "आहे की एक." इथे माझा चहा गार होतो.

हार्डनिंग वाढवली, टेम्परिंग तेवढीच

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी हीच. डी-२ टूल स्टीलचा पंच (पत्र्याला भोक पाडणारं हत्यार) १०२० डिग्रीवरून क्वेंच केला, म्हणजे झटकन थंड केला, की ६३-६४ एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) मिळतो. ऑपरेटर खूश होतो. पण तो पंच आतून ताणलेला असतो. गावचा लोहारही विळ्याला पाणी दिल्यावर तो तसाच कोनाड्यात टाकत नाही, पुन्हा शेकतो; तेच टेम्परिंग. आपण मात्र ट्रॉलीवर ठेवतो आणि घरी जातो.

दुसरी हार्डनिंग भट्टी घेतली त्या वर्षीची गोष्ट. बुधवारची सेकंड शिफ्ट. गुरुवारी आपल्याकडे सुट्टी, म्हणून सगळ्यांना माल संपवायची घाई. एका टूलरूमचे २६ पंच आणि डाय क्वेंच झाले. टेम्परिंगमध्ये आधीच ईएन-१९ स्टीलचे शाफ्ट ५८० डिग्रीला लागलेले होते, आणि डायना हवे होते २००. दोन्ही एकत्र लागणं शक्यच नव्हतं. ऑपरेटरने डाय ट्रॉलीवर लावले, वर गोणपाट टाकलं, "शुक्रवारी पहिल्या शिफ्टला घेऊ" असं वहीत लिहिलं आणि गेला. मी त्या दिवशी सातलाच निघालो होतो.

रात्री एकला वॉचमनचा फोन. "शेठ, भट्ट्या बंद आहेत, पण आत काहीतरी वाजतंय." मी पोचलो तेव्हा शेडमध्ये शुकशुकाट. पाच मिनिटं काहीच नाही. मग गोणपाटाखालून 'टण्ण'. स्टीलचा पेला फरशीवर पडावा तसा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा. शाफ्ट बाहेर काढून भट्टी २०० वर उतरेपर्यंत पहाट झाली. ११ डाय गेले होते. काहींची चीर खिळ्याच्या भोकापासून कोपऱ्यापर्यंत, नख फिरवलं तरी लागावी अशी. आमचं बिल होतं साडेचार हजारांचं, पार्टीची भरपाईची डेबिट नोट आली दोन लाख दहा हजारांची, कारण डायवर मशिनिंग सगळं झालेलं होतं. सात हप्त्यांत फेडली. ऑपरेटरला बोललो नाही. जागाच नव्हती तर तो बिचारा माल लावणार कुठे?

हिशोब साधा आहे. हार्डनिंगचा चार्ज (एका वेळी भट्टीत भरलेला माल) दोन-तीन तासांत मोकळा होतो. डी-२ ला टेम्परिंग दोनदा, एच-१३ स्टीलला तीनदा, प्रत्येक वेळी जॉब आतपर्यंत तापल्यावर किमान दोन तास आणि मध्ये पूर्ण थंड करायचा. म्हणजे एक लॉट अर्धा दिवस बसतो. माझ्याकडे आता एका हार्डनिंगमागे दोन टेम्परिंग आहेत. शिवाय फळ्यावर खडूने टेम्परिंगची जागा लिहिल्याशिवाय हार्डनिंगचं दार उघडत नाही. जॉब हाताला जेमतेम सोसेल इतका गरम असतानाच, ५०-६० डिग्रीला, टेम्परिंगमध्ये गेला पाहिजे. अगदीच जागा नसेल तर साध्या ओव्हनमध्ये १५० ला लावून रात्र काढा. ते काही खरं टेम्परिंग नाही, पण चीर टळते. नवीन पोरांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

सगळ्या मालाला एकच किलोचा रेट

दुसरी माझी ठसठस. बाजारात किलोवर रेट चालतो, मान्य. पण भट्टीला किलो कळत नाही, तिला कळते जागा आणि वेळ.

समजा, तुमच्या भट्टीची क्षमता ४०० किलो. त्यातले बास्केट-फिक्स्चरचे १२० गेले. हे वजनही तापवावं लागतं, वीज त्यालाही लागते, बिल मात्र त्याचं होत नाही. उरले २८०. भरीव गिअर असतील तर २८० भरतील. पातळ स्लीव्ह उभ्या लावल्या तर ९० किलोला भट्टी फुल. २० रुपये किलोने एका चार्जचे ५,६०० मिळतात, दुसऱ्याचे १,८००, आणि भट्टी दोन्हीला तेवढाच वेळ अडकते. वर्षभर "भट्टी रिकामी नाही" म्हणून मिरवणारे आणि मार्चमध्ये सीएसमोर मान खाली घालणारे मी पाहिले आहेत.

कार्बुरायझिंगमध्ये, म्हणजे स्टीलच्या वरच्या थरात कार्बन मुरवून कडक 'केस' करण्यात, तर आणखी गंमत. पार्टी सहज म्हणते, "केस ०.६ मिलिमीटरऐवजी १.२ करा, रेट तोच ठेवा." त्याच तापमानाला दुप्पट केस म्हणजे चौपट वेळ; खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते. मी आधी पूर्ण चार्जची किंमत काढतो, मग मालाच्या वजनाने भागून पार्टीला किलोत सांगतो. त्यांना किलो ऐकायला आवडतो, माझी हरकत नाही.

बाकीच्या, ज्या रोज दिसतात

पातळ केसवर सरळ रॉकवेल सी मारणं. ६० एचआरसीला हिऱ्याचा खड्डा साधारण ०.०८ मिलिमीटर जातो. त्याच्या दहापट जाडीची केस खाली हवी. ०.३ च्या केसवर १५० किलोचा लोड टाकला की केसच दबते, रीडिंग कमी येतं आणि हुशार माणूस चांगला माल रिवर्कला लावतो. तिथे कमी लोडची विकर्स चाचणी वापरा.

थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार) तुटेपर्यंत न बदलणं. के टाईप जुना झाला की खोटं बोलतो, आणि डिस्प्ले मात्र ९२० दाखवत राहतो.

क्वेंच ऑइलमध्ये पाणी. कूलरची नळी गळते, कुणी बघत नाही. गरम जॉब पडला की खालच्या पाण्याची वाफ होते आणि तेल उसळून बाहेर येतं. पेटलेल्या तेलाला छप्पर गाठायला किती वेळ लागतो ते मी शेजारच्या शेडमध्ये पाहिलं आहे. दर सोमवारी तळाचं तेल काढून तापलेल्या पत्र्यावर टाका. तडतडलं तर त्या दिवशी टाकी बंद.

मटेरियलची खात्री न करणं. चलनावर ईएन-८ लिहिलंय म्हणून ईएन-८ नसतो. ग्राइंडरवर ठिणगी बघून स्टीलचा अंदाज घ्यायला दोन मिनिटं लागतात.

ऑडिट आठ दिवसांवर आलं की सीक्यूआय-९ चे (वाहन उद्योगाच्या हीट ट्रीटमेंट तपासणीचे) कागद रंगवायला घेणं. ते दरवर्षी स्वतःचं स्वतः तपासायचं असतं. भट्टीच्या चारही कोपऱ्यांत खरंच सारखं तापमान आहे का, हे ऑडिटरसाठी नाही, तुमच्या रिजेक्शनसाठी बघायचं.

एकाच पार्टीच्या जोरावर भट्टी घेणं. यावर बोलायची इच्छा नाही.

आणि उधारी. उद्यम नोंदणी करा आणि तो नंबर बिलावर छापा. लेखी करार असेल तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत पार्टीला त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. पूर्वी मी त्यांच्या अकाउंट्सच्या दाराशी बसायचो. आता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिकडूनच फोन येतो, "काका, तुमचं काही बाकी आहे का?"