हिवाळ्यात नावेतून ॲमस्टरडॅम: निघण्याआधीची तयारी

ॲमस्टरडॅम म्हटलं की आपल्याकडे ट्यूलिपच्या दिवसांची तिकिटं काढतात. पण कालव्याकाठची घरं बघायची असतील तर डिसेंबर-जानेवारीत जा. काठावर ओळीने एल्मची झाडं आहेत. उन्हाळ्यात निम्म्या घरांवर त्यांचा पडदा असतो. थंडीत पानं गळतात आणि घर दारापासून माथ्यापर्यंत मोकळं दिसतं.

नेदरलँड्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्याची अपॉइंटमेंट सगळ्यात आधी घ्या. मग उजेडाचा हिशोब मांडा. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतोही, म्हणून नावेची फेरी अकरा ते दोनच्या मधली घ्या. शक्य असेल तर दुसरी फेरी अंधार पडल्यावर करा. तिथे बरेच लोक पडदे ओढत नाहीत. दिवे लागले की जुन्या घरांच्या आतल्या छतांवरची नक्षी नावेतून दिसते. हिवाळ्यात कालव्यांवर दिव्यांच्या कलाकृती मांडतात, त्या प्रकाश महोत्सवाच्या दिवसांत ही संध्याकाळची तिकिटं आधीच काढून ठेवा.

थर्मल, कानटोपी, हातमोजे, वारा अडवणारं जाकीट हे ओघाने आलंच. नाव मात्र विचार करून निवडा. काचेच्या छताची नाव उबदार असते, पण आतल्या श्वासाने काचा धुरकटतात. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा खिशात असू द्या. फोटो काढताना फोन काचेला टेकवा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब येणार नाही. थंडीत बॅटरी भराभर उतरते, तेव्हा पॉवर बँक हवीच. छोटी दुर्बीणही घ्या, कारण बघण्यासारखं बरंचसं वर आहे.

खरी तयारी घरी बसून करायची. घराच्या दर्शनी भिंतीचा अगदी वरचा भाग म्हणजे माथा; त्याचे तीन आकार ओळखायला शिका: पायऱ्यांचा, मानेसारखा उंच आणि घंटेसारखा. पायऱ्यांचा सगळ्यात जुना. हेरेनग्राख्त कालव्यावर 168 क्रमांकाचं घर बघा. वास्तुकार फिलिप्स फिंगबोन्सने 1638 मध्ये बांधलेला मानेसारखा माथा इथे दिसतो. लगेच शेजारी वास्तुकार हेंड्रिक द केसरने आखलेलं लाल विटांचं बार्तोलोत्ती घर आहे. त्याची दर्शनी भिंत कालव्याच्या वळणाबरोबर वळलेली आहे. माथ्याखाली पुढे आलेली तुळई आणि तिचा लोखंडी आकडा शोधा. आतले जिने इतके अरुंद की कपाटं, पलंग अजूनही दोराने वर ओढून खिडकीतून आत घेतात. सामान भिंतीला घासू नये म्हणून कितीतरी घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधली आहेत. हे माहीत नसलं तर घर पडायला आलंय असंच वाटतं.

एक दिवस हातचा ठेवा. कडाक्याची थंडी पडून पाणी गोठू लागलं तर काही कालव्यांवर नावा थांबवतात. तसं झालंच तर ही सगळी घरं काठाने चालत बघा. 2018 मध्ये लोक प्रिन्सेनग्राख्त कालव्याच्या बर्फावर स्केटिंग करत होते.