दोन देशांनी मिळून प्राथमिक आरोग्य सेवा सुधारायची, तर आधी छेद जुळवा

वेगवेगळ्या देशांचे आरोग्य विभाग एकत्र आले की पहिल्याच बैठकीत आकड्यांचे तक्ते मांडले जातात. ते थोडे बाजूला ठेवा. एकाच नावाचा निर्देशक, म्हणजे काम मोजण्याचा आकडा, दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतो, आणि पुढची सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

रक्तदाब नियंत्रणाचं घ्या. एका केंद्रात सहा महिन्यांपूर्वी २०० रुग्णांची नोंद झाली. या तिमाहीत १२० परत आले, त्यातल्या ९० जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे. आलेल्यांनाच मोजलं तर नियंत्रण ७५ टक्के. नोंदलेल्या सगळ्यांना मोजलं तर ४५. औषध सोडून घरी बसलेले ८० जण पहिल्या हिशेबात दिसतच नाहीत, आणि खरी काळजी त्यांचीच करायची असते. म्हणून दुसराच हिशेब धरा. प्रत्येक निर्देशकाचा अंश (इथे नियंत्रणात आलेले ९०), छेद (ज्यांच्यातून मोजलं ते सगळे २००), कालावधी आणि मूळ नोंदवही एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

निर्देशक पाच-सहाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१५ साली सुरू केलेल्या संयुक्त उपक्रमाने देशांचं चित्र चार भागांत मांडलं: निधी, क्षमता, कामगिरी, समन्याय (सेवा सगळ्यांना सारखी पोहोचते का). प्रत्येक भागातून किमान एक निर्देशक घ्या. फक्त कामगिरी घेतलीत तर ती का घसरली ते कळणार नाही.

मग नोंदी तपासा. मासिक अहवालातला आकडा नोंदवहीतून पुन्हा मोजा. फरक १० टक्क्यांहून जास्त निघाला तर तुलना थांबवून नोंदीच दुरुस्त करा. रक्तदाबाच्या नोंदींतला शेवटचा अंकही पाहा. अर्ध्याहून जास्त नोंदी शून्यावर संपत असतील, तर वाचन अंदाजाने होतंय. अशा वेळी चांगलं स्वयंचलित यंत्र द्या, आणि रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून मगच पट्टा बांधायची सवय लावा.

लसीकरणातली गळती सगळीकडे सारखीच काढता येते: तीन डोसांच्या लसीचा पहिला डोस घेतलेल्या मुलांतून तिसरा घेतलेली वजा करा आणि पहिल्या आकड्याने भागा. ४८० पैकी ४०८ म्हणजे १५ टक्के गळती. ती १० च्या वर गेली की आई पहिल्यांदा आली होती, नंतर आली नाही, असा अर्थ होतो. लस संपली होती, वार बदलला होता की पुढची तारीख कुणी सांगितलीच नव्हती, हे तिच्याकडूनच विचारून घ्या.

दुसऱ्या देशातल्या केंद्राच्या भेटीला फक्त अधिकारी पाठवू नका. नोंदवही भरणारी परिचारिका आणि औषधसाठा सांभाळणारा माणूस गेलाच पाहिजे, सोबत दुभाषाही. त्यांनी दिवसभर एका रुग्णामागोमाग चालावं: नोंदणी, तपासणी, औषध, पुढची तारीख, प्रत्येक ठिकाणी थांबण्याची मिनिटं लिहावीत. परत आल्यावर एकच बदल दोन-तीन केंद्रांत करून पाहा.

देशांची क्रमवारी लावू नका. शेवटून पहिला आलेला विभाग पुढच्या वेळी आकडेच सुंदर करून पाठवतो. निधी देणाऱ्याने प्रकल्पापुरती वेगळी नोंदवही मागितली तर ठाम नकार द्या, कारण दोनदा लिहिण्याचा वेळ रुग्णाच्या वाट्याचा असतो. फेरमोजणी तिमाहीला करा, पण रक्तदाबाचा बदल सहा महिन्यांआधी तोलू नका. बदलानंतर नोंदलेले रुग्ण त्या हिशेबात तोवर आलेलेच नसतात.