वर्षाचं धान्य, महिन्याचा किराणा: खर्च आटोक्यात कसा आणायचा?

आधी महिनाभर एक वही ठेवा. पैशांचा हिशेब नंतर, सुरुवातीला फक्त कुठला डबा कधी भरला आणि कधी संपला ते लिहा. पाच किलो ज्वारी दहा दिवस पुरली, तर महिन्याला 15 किलो लागते, वर्षाला 180. हा आकडा ठाऊक नसला की स्वस्त मिळालं म्हणून पोतंच्या पोतं घरात येतं आणि श्रावणात त्याला किडे लागतात.

आकडा कळला की हंगाम गाठा. आपल्या खान्देशात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, नवा गहू त्यामागोमाग येतो. थंडी सरता सरता नंदुरबारची लाल मिरची घ्यायची. मिरची मूठभर उचलून कानाशी हलवा. बिया खुळखुळल्या पाहिजेत. दमट मिरचीत पाण्याचे पैसे जातात, शिवाय बुरशीची भीती. धान्य घेताना माझी आई म्हणायची, "दाना चावीसन देख." दाताखाली कटकन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. ओला दाणा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

साठवताना घाई नको. एका वर्षी मी उन्हातली ज्वारी संध्याकाळी तशीच गरम कोठीत भरली. आत घाम सुटला, वास लागला, अर्धी ज्वारी गुरांना घालावी लागली. तेव्हापासून दोन-तीन दिवस ऊन देते, रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ देते, मगच भरते. मध्ये मध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालते.

एवढे पैसे एकदम काढणं सगळ्यांना जमत नाही, हे खरं आहे. मग या वर्षी फक्त गहू भरा, किंवा शेजारणीबरोबर एक क्विंटल अर्धा-अर्धा वाटून घ्या.

महिन्याच्या किराण्यात सगळ्यात जास्त फसगत तेलात होते. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण तेवढ्याच दिसणाऱ्या काही पिशव्या 840 ग्रॅमच्या असतात. समजा, 910 ग्रॅमची पिशवी 145 रुपयांना आहे आणि 840 ग्रॅमची 138 ला. दुसरी सात रुपयांनी स्वस्त वाटते, पण किलोमागे ती पाच रुपयांनी महाग पडते. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापलेला असतो, तो बघूनच पाकीट उचला.

यादी घरूनच करून न्या, तीही डबे उघडून बघत.

भाजी आठवडे बाजारातून, आणि हंगामाचीच. भरताची वांगी हिवाळ्यात मनसोक्त खा. मेथीची जुडी स्वस्त झाली की दोन जास्त घ्या, निवडून सावलीत वाळवा. मे महिन्यात भाज्या कडाडतात तेव्हा हीच मेथी डाळीत पडते.