हिल्मा हुकरवर डाइव्ह मारायचीय? मग आधी हवेचा हिशोब करा

मालवणला इन्स्ट्रक्टरने मागून टँक धरून खाली नेलं, चार मासे दाखवले म्हणजे आपण डायव्हर झालो नाही हं, हे आधीच सांगते, कारण मी कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो, "ते बुडालेलं हिल्मा हुकर जहाज आम्हालाही बघता येईल ना?" येईल की, पण तळ आहे ३० मीटरवर आणि ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, चालतं १८ मीटरपर्यंत, त्यामुळे पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करूनच जा.

जहाजाची कथा भारी आहे. ७२ मीटर लांब मालवाहू बोट, १९८४ ला बोनेअरच्या धक्क्याला लागली, झडती घेतली तर खोट्या भिंतीमागे ११ टनांच्या आसपास गांजा! मग बोट तशीच पडून राहिली, पाणी शिरायला लागलं, धक्क्यावरच बुडायला नको म्हणून बाहेर नेऊन नांगरली आणि १२ सप्टेंबरला गेली तळाला. आता वाळूत उजव्या कुशीवर आडवी झोपलीये.

बेटावर पोचलात की नेचर फी भरा, डाइव्ह शॉपची चेकआउट डाइव्ह, म्हणजे आधीची सरावाची डाइव्ह, करा, हातमोजे बॅगेतच ठेवा, तिथे चालत नाहीत. मग पिकअप घेऊन दक्षिणेच्या रस्त्याने जायचं, कडेला नाव लिहिलेला पिवळा दगड दिसेल. किनाऱ्यावर कोरलचे तुकडे आहेत, जाड सोलचे बूट घाला आणि बॉयापर्यंत (पाण्यावर तरंगणारी खूण) वरूनच पोहत जा, उगाच हवा का जाळायची.

आता खरा मुद्दा. ३० मीटरला प्रेशर ४ बार, म्हणजे वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर खाली ८०, आणि ११ लिटरच्या टँकमधून मिनिटाला ७ बार उडतात, भरलेल्या टँकचे २०० बार १०० वर यायला जेमतेम १४ मिनिटं! मी पहिल्यांदा प्रोपेलरचे फोटो काढत बसले आणि हवेचा गेज बघितला तर ९० वर, बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, डोळे वटारले ते वेगळंच. नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजनची हवा) घेतलं तर नो-डेको टाइम, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल तो वेळ, वाढतो, हवा काही जास्त पुरत नाही, यात बरेच जण फसतात.

म्हणून आधी सगळ्यात खोल जायचं, प्रोपेलर बघायचा, मग हळूहळू जहाजाच्या वरच्या बाजूला, ती १८ मीटरवर आहे, आणि १०० बारला किनाऱ्याकडे वळायचं. परतताना रीफ चढत चढत येता त्यामुळे वर येण्याआधी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचा सेफ्टी स्टॉप मासे बघत मजेत होतो.

आत घुसू नका. जहाज आडवं असल्याने जमिनीची भिंत झालीये, दारं छताला आलीत, दिशाच कळत नाही, रेक ट्रेनिंग (बुडालेल्या जहाजात शिरायचं प्रशिक्षण) आणि परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीचं रील असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरूनच टॉर्च मारा, सावलीत मोठे टार्पन मासे लटकलेले असतात.

आणि हो, गाडीत काहीही ठेवू नका, आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तासांनी घ्या.